आश्रितांचं साम्राज्य : अ‍ॅझ्टेक संस्कृतीचा उदय आणि विस्तार

आजच्या व्याख्यानात आपण अ‍ॅझ्टेक संस्कृतीचा उदय आणि तिची वाढ यांचा विचार करणार आहोत. अ‍ॅझ्टेक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक म्हणजे उंच पिरॅमिडवर चाललेला नरबळी, आणि दुसरं म्हणजे मूठभर स्पॅनिश सैनिकांनी बुडवलेलं साम्राज्य. पण ही दोन्ही चित्रं शेवटाकडची आहेत. सुरुवातीकडे आपलं फारसं लक्षच जात नाही. म्हणून आज आपण सुरुवातीपासून निघू आणि एकच प्रश्न हाताशी धरू. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, ती माणसं शंभर-सव्वाशे वर्षांत मध्य मेक्सिकोची मालक कशी झाली? आणि ज्या रीतीने झाली, त्या रीतीने त्यांना पुढे काय दिलं?

आधी नावाचा घोळ मिटवू. राजधानीत राहणारे लोक स्वतःला "मेशिका" म्हणत. मेक्सिको या देशाचं नाव त्यावरूनच आलं. आपण कुठून आलो, हे सांगताना ते "अस्त्लान" नावाच्या एका दंतकथेतल्या जागेचं नाव घेत. त्या अस्त्लानवरून "अ‍ॅझ्टेक" हा शब्द निघाला, आणि १९व्या शतकात अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट, विल्यम प्रेस्कॉट अशा लेखकांमुळे तो जगभर रुळला. आपण संस्कृतीबद्दल बोलताना अ‍ॅझ्टेक म्हणू आणि त्या विशिष्ट लोकांबद्दल बोलताना मेशिका म्हणू. त्यांची भाषा नहुआत्ल. ही भाषा आजही मेक्सिकोत पंधरा लाखांहून अधिक लोक बोलतात. म्हणजे आपण नामशेष झालेल्या लोकांबद्दल बोलत नाही आहोत, हे लक्षात असू द्या.

उशिरा आलेले पाहुणे

आता जागा समजून घेऊ. मेक्सिकोचं खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. चारही बाजूंनी डोंगर, ज्वालामुखी. पावसाचं पाणी बाहेर जायला नैसर्गिक वाटच नाही, त्यामुळे मधोमध एकमेकांना जोडलेली पाच उथळ सरोवरं तयार झाली होती. दक्षिणेकडच्या शोचिमिल्को आणि चाल्को या सरोवरांना झऱ्यांचं गोडं पाणी मिळायचं. मधलं तेक्स्कोको सरोवर सगळ्यात खोलगट जागी, त्यामुळे क्षार तिथे साठत जायचे आणि पाणी खारट. हा गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

या भागात मेशिका पहिले मुळीच नव्हेत. खोऱ्याच्या ईशान्येला तेओतिवाकान हे प्रचंड नगर इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भरभराटीला आलं आणि सहाव्या शतकाच्या सुमारास कोसळलं. त्यानंतर उत्तरेला तूला इथे तोल्तेक लोकांचं राज्य झालं. तेही बाराव्या शतकात विस्कटलं. मेशिका आले तेव्हा तेओतिवाकान ओसाड पडून काही शतकं लोटली होती. ते भव्य अवशेष बघून त्यांना वाटलं, हे माणसांचं काम नव्हे, देवांचा जन्म इथेच झाला असणार. उत्तरेकडून नहुआत्ल बोलणाऱ्या टोळ्या एकामागून एक खोऱ्यात उतरल्या. त्यांतले मेशिका सगळ्यांत शेवटचे. तोवर सरोवराचा काठ भरून गेला होता. चांगल्या जमिनी, झरे, जंगलं, सगळ्यावर कुणाची ना कुणाची मालकी होती.

मग काय झालं? १३व्या शतकात ते चापुल्तेपेकच्या टेकडीवर राहिले. तिथून शेजाऱ्यांनी त्यांना मारून हाकललं. मग त्यांनी कुलवाकान या राज्याकडे आसरा मागितला. कुलवाकानच्या राजाने तिसापान नावाची खडकाळ, सापांनी भरलेली जागा दिली. हेतू उघड होता. हे लोक परस्पर संपले तर बरंच. पण दंतकथा सांगते की काही दिवसांनी राजाची माणसं पाहायला गेली, तर मेशिका साप भाजून खात होते. पुढे कुलवाकानच्या बाजूने ते भाडोत्री सैनिक म्हणून शोचिमिल्कोशी लढले, आणि किती शत्रू मारले याचा पुरावा म्हणून कापलेले कान पोत्यांतून घेऊन आले. त्यानंतर त्यांनी राजाची मुलगी मागितली, ती देवी म्हणून पुजण्यासाठी. राजाने दिली. आणि त्यांनी तिचा बळी दिला. मग कुलवाकानचं सैन्य मागे लागलं आणि मेशिका सरोवरातल्या दलदलीत पळाले. तिथे एका बेटावर, खडकातून उगवलेल्या फड्या निवडुंगावर गरुड बसलेला दिसला. त्यांच्या उइत्सिलोपोच्त्ली या देवाने हीच खूण सांगितली होती. तिथे वसलं तेनोच्तित्लान. साल परंपरेने १३२५ मानलं जातं. तो गरुड आणि ते निवडुंग आज मेक्सिकोच्या झेंड्यावर आहेत.

आता या कथेकडे जरा बारकाईने बघा. साप खाणारे, कान कापून आणणारे, राजकन्येचा बळी देणारे. ही माणसं स्वतःबद्दलच असं का सांगत असावीत? कारण ही कथा पुढे ते मालक झाल्यावर पक्की झाली. "आम्ही असे होतो, आम्हाला कुणी थारा दिला नाही, आणि तरीही देवाने आम्हालाच निवडलं," असं तिचं म्हणणं आहे. देवाची खूण बाजूला ठेवली तरी त्या बेटाचं कारण साधं आहे. तिथे शेतजमीन नव्हती, इमारतीला लाकूड नव्हतं, दगड नव्हता. शिवाय ती जागा दोन-तीन मोठ्या राज्यांच्या सीमेवर. कुणाला नको होती, म्हणून यांना मिळाली.

पाण्यातून काढलेली जमीन

नको असलेल्या जागेचा एक फायदा मात्र होता. भोवती पाणी होतं. आणि या खोऱ्यात पाण्यातून शेत तयार करायची विद्या होती, तिचं नाव चिनांपा. पुष्कळदा याला "तरंगती शेती" म्हणतात, पण तसं नाही बरं का. चिनांपा तरंगत नाही. उथळ पाण्यात खुंट रोवून लांबट, अरुंद चौकट आखायची. आत पाणवनस्पती आणि तळाचा गाळ यांचे थर घालत पाण्याच्या वर वाफा आणायचा. कडेला वाळुंजाच्या जातीची झाडं लावायची, म्हणजे त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवली जाते. दोन वाफ्यांमध्ये होडी जाईल एवढा चर. चरातला गाळ दरवर्षी उपसून वाफ्यावर टाकला की खताची सोय झाली, आणि बाजूने पाणी झिरपत राहिल्यामुळे पाटाचीही गरज नाही. मका, घेवडा, भोपळा, राजगिरा, मिरची, टोमॅटो, फुलं अशी पिकं आलटून पालटून वर्षातून अनेकदा निघत.

ही विद्या मेशिकांनी शोधली नाही. दक्षिणेच्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत ती आधीपासून होती. त्यांनी ती उचलली. पण अडचण अशी की त्यांचं बेट तेक्स्कोकोच्या खारट पाण्याच्या कडेला. पाऊस जास्त झाला की खारं पाणी चढायचं आणि वाफे मरायचे. म्हणजे शहर वाढवायचं तर पाण्यावर ताबा हवा, आणि पाण्यावर ताबा मिळवायचा तर दुसऱ्यांच्या काठांवर, झऱ्यांवर, मजुरांवर ताबा हवा. बेटावर राहणाऱ्याला शेजाऱ्यांशिवाय जगताच येत नव्हतं.

चाकरी, सोयरीक आणि एक करार

पहिली शंभर वर्षं मेशिका स्वतंत्र नव्हते. पश्चिम काठावरच्या अस्कापोत्साल्को इथल्या तेपानेक लोकांचे ते मांडलिक होते. तेपानेकांचा राजा तेसोसोमोक हा त्या काळातला सगळ्यात धूर्त सत्ताधीश. मेशिकांनी त्याला खंडणी द्यायची आणि त्याच्या लढाया लढायच्या. त्या बदल्यात लुटीतला थोडा वाटा त्यांना मिळायचा. आपण युद्धशास्त्र म्हणतो, ते ते अशा चाकरीत शिकले.

त्याच वेळी त्यांनी घराणं उभं केलं. १३७५च्या सुमारास आकामापिच्त्ली याला त्यांनी राजा केलं. त्याची आई कुलवाकानच्या राजघराण्यातली मानली जाते, आणि कुलवाकान स्वतःला तोल्तेकांचे वारस म्हणवायचं. म्हणजे ज्यांच्या मुलीचा बळी दिला असं कथा सांगते, त्यांच्याच रक्ताचा राजा! राजाला त्यांच्या भाषेत "त्लातोआनी" म्हणत. शब्दशः अर्थ "बोलणारा". ज्याचा शब्द चालतो तो राजा. पुढचा राजा उइत्सिलिविट्ल याने तेसोसोमोकच्या मुलीशी लग्न केलं आणि सासऱ्याकडून खंडणी बरीच कमी करून घेतली.

१४२६ मध्ये तेसोसोमोक वारला आणि घडी विस्कटली. त्याचा मुलगा माश्त्ला याने गादी बळकावली. मेशिकांचा राजा चिमाल्पोपोका मारला गेला. पूर्व काठावरच्या तेक्स्कोकोचा राजपुत्र नेसावाल्कोयोत्ल आधीच परागंदा होता. त्याच्या बापाला तेपानेकांनी १४१८ मध्ये ठार केलं होतं. मेशिकांचा नवा राजा इत्स्कोआत्ल आणि हा नेसावाल्कोयोत्ल एकत्र आले. त्लाकोपान या तेपानेकांच्याच एका नगराने त्यांना साथ दिली. १४२८ मध्ये अस्कापोत्साल्को पडलं. तीन नगरांची युती झाली आणि खंडणीची वाटणी ठरली : तेनोच्तित्लानला दोन भाग, तेक्स्कोकोला दोन, त्लाकोपानला एक. ज्याला आपण अ‍ॅझ्टेक साम्राज्य म्हणतो ते हे.

पण या युद्धाच्या आधीची एक गोष्ट आपण मुद्दाम थांबून बघू. दिएगो दुरान या स्पॅनिश धर्मगुरूने १५८१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात ती येते. युद्धाचं नाव काढताच सामान्य लोक घाबरले. शरण जाऊ म्हणाले. तेव्हा सरदारांनी त्यांच्याशी करार केला. आम्ही हरलो तर तुम्ही आम्हाला मारून खा. आणि आम्ही जिंकलो तर? तर तुम्ही आमची चाकरी करायची, आमची ओझी वाहायची, आमची शेतं कसायची. लोकांनी मान्य केलं. सरदार जिंकले. मग जमिनीची वाटणी झाली. राजाला, सरदारांना, लढाईत नाव काढलेल्या योद्ध्यांना जमिनी मिळाल्या. सामान्य लोकांच्या वस्त्यांना, म्हणजे ज्यांना "कालपुल्ली" म्हणत त्यांना, देवळापुरता तुकडा.

असा करार खरोखर झाला असेल का? शंका घ्यायला भरपूर जागा आहे. बघा ना, हा करार कुणाच्या सोयीचा आहे? मागून सरदारांनीच सांगितलेली ही गोष्ट असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पण गोष्ट बनवलेली असली तरी ती बनवायची गरज का पडली, हा प्रश्न उरतोच. कालपर्यंत सगळेच गरीब होते. एकाच बेटावर गाळ उपसत होते. मग आज हा मालक आणि तो हमाल कसा? याचं उत्तर कुणीतरी विचारत असणार, म्हणून ते द्यावं लागलं. पुढे पहिल्या मोक्तेसुमाच्या काळात तर कायदेच झाले : सामान्य माणसाने सुती कापड नेसायचं नाही, घायपाताच्या धाग्याचं नेसायचं, आणि तेही गुडघ्याखाली येऊ द्यायचं नाही.

जाळलेल्या पोथ्या

अस्कापोत्साल्को जिंकल्यावर इत्स्कोआत्लने आणखी एक काम केलं. त्याने जुन्या चित्रपोथ्या जाळायला लावल्या. ही माहिती आपल्याला बेर्नार्दिनो दे सागून या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने गोळा केलेल्या नहुआत्ल साक्षींतून मिळते. सागूनने वृद्ध मेशिकांना विचारून, त्यांच्याच शिकलेल्या मुलांच्या मदतीने १२ खंडांचा ग्रंथ तयार केला. १५७७च्या सुमारास तो पुरा झाला. त्या साक्षीत कारणही दिलं आहे. या पोथ्यांत पुष्कळ खोटं आहे आणि सगळ्यांनीच ते जाणून घेणं बरं नव्हे, असं राज्यकर्त्यांनी ठरवलं.

आता लक्षात घ्या, स्पॅनिश लोकांनी पोथ्या जाळल्या हे आपल्याला माहीत असतं, आणि त्यांनी पुष्कळ जाळल्याही. पण त्यांच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी मेशिकांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा इतिहास जाळला होता. जाळलेल्या पोथ्यांत काय होतं? बहुधा तेपानेकांचं मोठेपण, मेशिकांचं लहानपण, आणि कालपुल्लींचे जुने हक्क. त्यांच्या जागी नवा इतिहास आला. त्यात उइत्सिलोपोच्त्ली हा एका भटक्या टोळीचा देव सूर्याच्या बरोबरीला जाऊन बसला, आणि सगळं जग चालतं ठेवण्याची जबाबदारी मेशिकांवर आली. या कामामागे त्लाकाएलेल हा राजाचा सल्लागार होता, असं काही वृत्तांत सांगतात. काही वृत्तांत मात्र त्याला इतकं महत्त्व देत नाहीत.

घेणारं साम्राज्य

यानंतरची वाढ फार झपाट्याने झाली. पहिला मोक्तेसुमा (१४४० ते १४६९), मग आशायाकात्ल, तिसोक, अवित्सोत्ल, आणि १५०२ मध्ये दुसरा मोक्तेसुमा. पूर्वेला मेक्सिकोच्या आखातापर्यंत, दक्षिणेला वाहाका ओलांडून आजच्या ग्वातेमालाच्या सीमेजवळ सोकोनुस्कोपर्यंत त्यांचा हात पोचला.

पण हे साम्राज्य कसं होतं, ते समजायला एक साधी अडचण ध्यानात घ्या. या लोकांकडे बैल नव्हते, घोडे नव्हते, गाढवं नव्हती. चाक माहीत होतं, पण ते लहानशा मातीच्या खेळण्यांना. ओढायला जनावरच नाही तर गाडी कशाला? सगळा माल माणसाच्या पाठीवर. एक हमाल सुमारे २३ किलो ओझं घेऊन दिवसाला २०-२५ किलोमीटर चालायचा, आणि वाटेत त्यालाही खायला लागायचं. म्हणजे दूरवरून मका आणणं परवडत नाही. आणणारा वाटेतच त्यातला मोठा भाग खाऊन टाकील. म्हणून जवळच्या प्रांतांकडून धान्य घ्यायचं आणि दूरच्या प्रांतांकडून हलकी पण मोलाची वस्तू : कापड, पिसं, कोको, सोनं, हिरवे मणी. सरोवराच्या काठापर्यंत आलं की पुढे होडी. एका होडीत अनेक हमालांचा माल मावतो. तेनोच्तित्लान सरोवराच्या मधोमध होतं, याचा फायदा आता दिसायला लागला.

याच अडचणीमुळे दूरच्या प्रांतात मोठी फौज कायमची ठेवणं कठीण. मग पद्धत अशी : नगर जिंकायचं, तिथला राजा शक्यतो गादीवरच ठेवायचा, देवही त्यांचे त्यांना ठेवायचे. फक्त खंडणी ठरवायची आणि ती वसूल करणारा अधिकारी नेमायचा. विजयानंतर सुमारे वीस वर्षांनी तयार झालेल्या मेंदोसा चित्रपोथीत या खंडणीच्या याद्या आहेत. सुमारे ३८ प्रांत, आणि प्रत्येकाच्या नावापुढे मालाची चित्रं. त्यांची मोजणी २०च्या पटीत : झेंडा म्हणजे २०, केसाच्या झुपक्यासारखी खूण म्हणजे ४००, पिशवी म्हणजे ८,०००. तोच्तेपेक या एका प्रांताकडून १६,००० रबराचे चेंडू येत! हजारो सुती चादरी, मक्याची कोठारं, योद्ध्यांचे पिसांचे पोशाख हे सगळं त्या यादीत आहे. एकेका चादरीमागे किती बायकांनी किती महिने चाती फिरवली असेल, ते मात्र चित्रात दिसत नाही.

या कमाईतून शहर बदललं. १४४९च्या पुरानंतर नेसावाल्कोयोत्लच्या देखरेखीखाली सरोवरातून सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला. खारं पाणी एका बाजूला, गोडं दुसऱ्या बाजूला. ज्या चापुल्तेपेकवरून एकेकाळी हाकलले गेले होते, तिथल्या झऱ्यांचं पाणी नळमार्गाने शहरात आणलं. बेट काठांना रस्तेवजा बांधांनी जोडलं. १४७३ मध्ये शेजारचं जुळं नगर त्लातेलोल्को जिंकलं आणि तिथला प्रचंड बाजारही हाती आला. कोकोच्या बिया तिथे चिल्लर म्हणून चालत. त्या बाजारात रोज साठ हजारांहून जास्त माणसं येतात, असं कोर्तेसने राजाला लिहिलं. शहराची लोकसंख्या १५० हजार ते २०० हजार असावी असा अंदाज अनेक अभ्यासक करतात. त्या काळच्या युरोपात एवढी शहरं बोटांवर मोजण्याइतकीच होती. आणि मुलांसाठी शाळा होत्या, सामान्यांच्या वेगळ्या आणि सरदारांच्या वेगळ्या. शाळेबाहेर मुलगा ठेवायचा नाही असा दंडक.

सगळं सुरळीत होतं असंही नाही. १४५० पासून हिमकडाका आणि नंतर दुष्काळ. १४५४ हे त्यांच्या पंचांगात "एक ससा" नावाचं वर्ष. त्या वर्षी माणसांनी स्वतःला आणि पोटच्या पोरांना आखाताकडच्या तोतोनाक लोकांना मक्यासाठी विकलं. "आपल्याला ससा लागला" असा वाक्प्रचारच पडला. त्या दुष्काळाची आठवण पुसली गेली नाही. यापुढे सुपीक, ओल्या मुलखाकडे स्वाऱ्या वाढल्या, यात नवल नाही.

देऊळ आणि बळी

शहराच्या मधोमध मुख्य देऊळ. वर दोन गाभारे शेजारी शेजारी : एक पावसाच्या त्लालोकचा, दुसरा युद्धाच्या उइत्सिलोपोच्त्लीचा. शेती आणि खंडणी, म्हणजे मेशिकांची जगायची दोन्ही साधनं एकाच पिरॅमिडवर. हे देऊळ स्पॅनिशांनी पाडलं आणि त्यावर शहर बांधलं. २१ फेब्रुवारी १९७८ला वीज कंपनीचे कामगार खणत होते, तेव्हा एक प्रचंड कोरीव शिळा लागली : कोयोल्शाउकी देवीचं तुकडे झालेलं शरीर. त्यानंतर एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं आणि देवळाचे एकावर एक बांधलेले सात टप्पे उजेडात आले. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा मोठा.

नरबळी होता का? होता. याबद्दल आता वाद करायला जागा नाही. २०१५ पासून देवळाच्या जवळ कवट्यांचा मनोरा सापडला आहे. त्यात बायकांच्या आणि मुलांच्याही कवट्या आहेत. पण आकड्यांच्या बाबतीत सावध राहायला हवं. १४८७ मध्ये अवित्सोत्लने देवळाचं उद्घाटन केलं तेव्हा ८०,४०० माणसं मारली, असा एक आकडा वृत्तांतांत येतो. चार दिवसांत एवढी माणसं मारणं कुणालाही जमण्यासारखं नाही. आकडा कुणी फुगवला? जिंकणाऱ्या मेशिकांना तो हवा होता, दरारा बसायला. नंतर स्पॅनिशांना हवा होता, आपलं आक्रमण पुण्यकर्म ठरवायला. मारली गेलेली माणसं मात्र दोन्हीकडून हरवली. या उद्घाटनाला जिंकलेल्या आणि शत्रू असलेल्या राज्यांच्या राजांनाही बोलावून बघायला बसवलं होतं, असं दुरान सांगतो. फौज ठेवायची नाही आणि तरी खंडणी वसूल करायची, तर लोकांनी काय बघितलं पाहिजे, हे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भीतीचा हिशेब

पण भीतीला सतत नवा पुरावा लागतो. राजा मेला की दूरचे प्रांत खंडणी थांबवून बघायचे, आणि नव्या राजाला गादीवर बसताच स्वारी काढावी लागायची. तिसोकच्या पहिल्या स्वारीत म्हणे ४० कैदी मिळाले आणि स्वतःची ३०० माणसं गेली. पाच वर्षांत तो मेला. विष घातलं असं लोक बोलत. पश्चिमेला पुरेपेचा लोकांनी आशायाकात्लच्या सैन्याचा असा धुव्वा उडवला की ती सीमा पुढे कधी सरकली नाही. पूर्वेला त्लाशकाला. ते जिंकलं नाही, पण भोवतालचा मुलूख घेऊन त्याची कोंडी केली. तिथल्या लोकांना मीठ आणि कापूस मिळेनासा झाला. ती माणसं दोन पिढ्या अळणी जेवली, आणि विसरली नाहीत.

एप्रिल १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस पाचशेच्या आसपास सैनिक घेऊन किनाऱ्यावर उतरला. तेव्हा तोतोनाक लोकांनी त्याच्यापुढे खंडणीचीच तक्रार मांडली. तिथे मोक्तेसुमाचे पाच वसुली अधिकारी आले होते. कोर्तेसने तोतोनाकांना त्यांना पकडायला लावलं. त्लाशकाला आधी त्याच्याशी लढलं, मग त्याला मिळालं. पुढे तेक्स्कोकोच्या राजघराण्यातला एक गटही फुटला, म्हणजे मूळ युतीतला भागीदार. १५२० मध्ये देवीची साथ आली आणि तिने शहर पोखरलं. राजा क्वितलावाक त्यातच गेला. १५२१च्या वेढ्यात स्पॅनिश हजाराच्या आत होते, त्यांच्या बाजूचे स्थानिक योद्धे हजारोंनी होते. चापुल्तेपेकचं पाणी तोडलं. लोकांनी खारट पाणी प्यायलं, सरडे खाल्ले. १३ ऑगस्ट १५२१ला राजा क्वाउतेमोक होडीतून जाताना पकडला गेला.

म्हणून "मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य बुडवलं" हे वाक्य अपुरं आहे. तोफा, घोडे, लोखंड, रोगराई यांचा वाटा मोठा होताच. पण ते साम्राज्य घेणारं होतं, सामावून घेणारं नव्हतं. ज्यांच्याकडून ९० वर्षं घेतलं, त्यांना त्या शहराच्या टिकण्यात स्वतःचं काही दिसत नव्हतं. आणि त्लाशकालाचंही भलं झालं असं नाही. ठरवून दिलेल्या सवलती त्यांना पुढे स्पेनच्या दरबारात पुन्हा पुन्हा मागाव्या लागल्या. साथींनी त्यांनाही सोडलं नाही.

राहिलं काय? साम्राज्य गेलं, खंडणीच्या याद्या संग्रहालयात गेल्या. पण शोचिमिल्कोत आजही चिनांपा कसल्या जातात. १९८७ मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. टोमॅटो, चॉकलेट हे शब्द नहुआत्लमधले. आपल्या चिकूचं नावही स्पॅनिशमार्गे तिकडूनच आलेलं. मिरची पोर्तुगिजांनी गोव्यात आणली, तीही त्या अमेरिकेतलीच. राजे आणि त्यांचे देव आपल्यापर्यंत पोचले नाहीत. गाळ उपसणाऱ्यांनी वाफ्यात वाढवलेली ती पिकं आपल्या घरात पोचली, आणि तीही त्यांचं नाव न सांगता.

ज्यांनी त्या करारात "चाकरी करू" म्हटलं असं सांगतात, त्यांची एकही पोथी आपल्याकडे नाही. आपण जे वाचतो ते सरदारांनी सांगितलेलं आणि धर्मगुरूंनी लिहून घेतलेलं आहे. कुठल्याही साम्राज्याचा इतिहास वाचताना ही आठवण ठेवली, तर आजच्या व्याख्यानाचं काम झालं असं आम्ही समजू. आपले प्रश्न असतील तर ते जरूर विचारा. विशेषतः चिनांपा आणि खंडणीच्या याद्या यांच्याबद्दल आणखी बोलायला आम्हाला आवडेल.